शंखातला बिऱ्हाडकरू
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



यंदाची सहल मालवणला न्यावयाची असे आपल्या मंडळाने ठरविले आहे. नावनोंदणीच्या वहीत चाळीस नावे आली आहेत आणि त्यांतील निम्म्या जणींचे माहेर किंवा सासर तिकडचेच आहे. सहलीला काय काय बरोबर आणावे हे मी सांगावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. पांघरूण, पाण्याची बाटली आणि औषधे एवढे तर कोणीही सांगेल. मला बोलावयाचे आहे ते परत येताना काय आणू नये याविषयी. हा अधिकार मला कोठून मिळाला म्हणाल, तर जी चूक करते तिलाच तो आधी मिळतो. म्हणून आरंभी माझी चूक सांगते.

चार वर्षांपूर्वी आपण मालवणला गेलो होतो, ते पुष्कळजणींना आठवत असेल. दादरहून रात्रीच्या गाडीने कुडाळ, तेथून मोटारीने मालवण, आणि धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 साली हा किल्ला बांधावयास घेतला. चहूबाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड पाण्याच्या तीन विहिरी. आपण शिवराजेश्वराचे दर्शन घेतले, विहिरीचे पाणी चाखले, आणि मग कोणीतरी म्हणाले, "चला, राणीची वेळा पाहू."

तटाच्या एका लहानशा दारातून बाहेर उतरले की छोटीशी पुळण लागते, तिला राणीची वेळा म्हणतात. महाराणी ताराबाई तेथे स्नानाला येत असत असे सांगतात. ओहोटी होती. खडक उघडे पडले होते आणि खडकांच्या खळग्यांत पाणी राहिले होते. एकेक खळगा म्हणजे जणू रांगोळीच्या रंगांनी भरलेली वाटी. पोरे खूष झाली. माझी नात तेव्हा सात वर्षांची होती. ती एकेक शंख उचलून माझ्या पुढ्यात आणू लागली आणि मीही कौतुकाने ते खाजाच्या रिकाम्या पिशवीत टाकू लागले. एकूण अकरा शंख झाले. "आजी, हा बघ, ह्याच्यावर ठिपके आहेत!" असे ती म्हणे, आणि मी म्हणे, "घे, घे, चाळीत सगळ्यांना दाखवू."

घरी आल्यावर पिशवी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवली आणि प्रवासाच्या शिणाने विसरूनही गेले. रात्री दीडच्या सुमारास जाग आली. खरड-खरड, टक्, पुन्हा खरड-खरड. वाटले, उंदीर असेल. दिवा लावला. पाहते तो लादीवरून एक शंख चालत चालला होता. थोडा चाले, थांबे, दोन तांबूस नांग्या बाहेर काढी, भिंतीला लागे आणि परत फिरे. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत समुद्र शोधत होता बिचारा!

नातही जागी झाली. थोडा वेळ तिने ते पाहिले आणि मला विचारले, "आजी, आपण त्याचे घर आणले, की त्यालाच घरासकट आणले?"

भगिनींनो, त्या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. पिशवी उघडली, तेव्हा आणखी दोन शंखांत तसेच जीव निघाले, पण ते मेलेले होते. वास सुटला होता. सकाळी उठून त्या जिवंत राहिलेल्याला वाटीत घातले, दादरच्या चौपाटीवर नेले आणि पाण्याच्या कडेला सोडून आले. पुण्य केले असे वाटले. पुढे प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मी ही हकीकत सांगितली. त्या हळूच म्हणाल्या, "ती दुसरी चूक झाली. एका किनाऱ्यावरचा जीव दुसऱ्या किनाऱ्यावर सोडला म्हणजे तो घरी पोहोचला असे नव्हे. मालवणच्या खडकांवर वाढलेला जीव दादरच्या वाळूत काय करणार? शिवाय एकीकडचे रोग दुसरीकडे जातात ते निराळेच."

त्यांच्याकडूनच मला या प्राण्याची माहिती मिळाली. शंखात राहणारा हा खेकडा शंख स्वतः बनवीत नाही. त्याच्या अंगाचा पुढचा भाग कठीण असतो, पण मागचा भाग अगदी मऊ असतो, कवचावाचून उघडा. तो झाकण्यासाठी मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख त्याला शोधावा लागतो. अंगाने वाढला की जुना शंख अपुरा पडतो आणि मग मोठी जागा शोधणे आले. चांगली जागा सापडेपर्यंत जुनी सोडण्याची सोय नाही, कारण मध्ये उघड्यावर राहिले की मासा किंवा पक्षी टपलेलाच असतो. कधी कधी एकाने मोठ्या शंखात बिऱ्हाड हलविले की त्याच्या सुटलेल्या जागेत दुसरा शिरतो आणि दुसऱ्याच्या जागेत तिसरा. हे ऐकून मला हसू आले आणि वाईटही वाटले. जागेची टंचाई म्हणजे काय, हे आपल्या मुंबईकरणींना कोणी सांगावयास नको! लग्न झालेला मुलगा पोटमाळ्यावर आणि म्हातारी माणसे गॅलरीत, असे संसार आपण पाहिलेले आहेत. आणि अशा आम्ही त्या बेटावर जाऊन बिऱ्हाडकरूंच्या रिकाम्या जागा पिशवीत भरून आणीत होतो.

"पण रिकामा शंख घेतला तर काय बिघडले?" असे आपण विचारतो ना? हेच बिघडले. समुद्रकाठी रिकामी म्हणून पडलेली वस्तू टाकाऊ नसते. आज रिकामा दिसणारा शंख उद्या कोणाचे तरी घर होतो. जो फुटतो त्याचा चुरा होऊन त्याची वाळू होते, आणि ज्या पुळणीवर आपण अनवाणी चालून सुखावतो तिच्यात तो मिसळतो.

आता त्या जागेविषयी थोडे सांगते. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगडाचे बेट आणि भोवतालचे खडक व पाणी मिळून सुमारे 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला सुमारे 3 चौरस किलोमीटरचा भाग हा गाभा. ताडोब्याच्या जंगलात शिरताना आपल्याला ठाऊक असते की हे वाघाचे घर आहे. मालवणच्या होडीत बसताना मात्र खाली अभयारण्य आहे हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण वर दिसते ते नुसते पाणी. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा तेथे लागू आहे. अभयारण्यातला जीव परवानगीवाचून पकडणे, मारणे किंवा बाहेर नेणे हा गुन्हा आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण ठाऊक नव्हते म्हणून त्या दोन मेलेल्या जीवांना काय फरक पडला?

आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. हे अभयारण्य झाले तेव्हा तिथल्या मच्छीमार बांधवांनी त्याला विरोध केला होता, आणि त्यात नवल काही नव्हते. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यावर पोट चालले, त्या पाण्यात जाळे टाकण्यावर निर्बंध येणार म्हटल्यावर कोणाच्या जिवाला घोर लागणार नाही? गिरण्या बंद पडल्या तेव्हा आपल्या घरांत काय झाले ते आपण विसरलेल्या नाही. मग ज्याचे पोट त्या समुद्रावर आहे त्याला आपण म्हणावे, "बाबा, जपून," आणि आपण, ज्या दोन दिवस हौसेसाठी जातो, त्यांनी मात्र पिशव्या भरून आणाव्यात, हा न्याय कोणता? त्या पाण्याची राखण करावयाची तर पहिला भार पाहुण्याने उचलावा, असे माझे मत आहे.

त्या पाण्याखाली काय आहे म्हणाल, तर पोवळी आहेत. आपल्या अंगठीतले लाल पोवळे ते हे नव्हे, पण त्याच जातकुळीतले. शास्त्रात त्यांना प्रवाळ म्हणतात. दिसावयास दगड किंवा कोबीचा गड्डा, पण तो असतो हजारो चिमुकल्या जीवांनी मिळून बांधलेला वाडा. तो वाढतो अगदी सावकाश. कित्येक जाती वर्षाकाठी फार तर एखाद्या सेंटिमीटरने वाढतात. म्हणजे हातभर उंचीचे प्रवाळ हे आपल्या आजीच्या वयाचे समजावे. त्याच्यावर एक पाय पडला, होडीचा नांगर एकदा आपटला, की पन्नास वर्षांचे काम क्षणात मोडते. समुद्राचे पाणी फार तापले तर हे जीव आजारी पडून पांढरेफटक होतात, ते दुखणे वेगळेच. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाचे नाव आहे, तसेच या प्रवाळांचेही आहे.

तरुण मुलींना पाण्यात मुखवटा लावून तरंगावयाचे आहे, असे कळले. अवश्य तरंगावे! मी साठीला आले नसते तर मीही उतरले असते. पण पाण्यात दमले म्हणून खाली दिसणाऱ्या "दगडावर" उभे राहू नये. दम लागला तर होडीचा दोर धरावा. माशांना बिस्किटे आणि पाव टाकू नयेत. मासे गोळा होतात आणि छायाचित्र चांगले येते हे खरे, पण पाव हे माशाचे अन्न नव्हे, आणि आयते खाण्याची सवय लागली की त्याचे नेहमीचे काम राहून जाते. उन्हाची मलमे चोपडून पाण्यात उतरण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालावा. ती मलमे शेवटी पाण्यातच उतरतात.

आता होडीवाल्या दादांविषयी. आपण म्हणतो, "होडीवाले डॉल्फिनच्या मागे होड्या पळवितात." पण त्यांना पळवावयास लावते कोण? "दादा, अजून जवळ घ्या ना, इकडून नीट दिसत नाही," असे म्हणणाऱ्या आपणच. दहा होड्यांनी वेढा दिला तर पिलाला घेऊन चाललेल्या मादीने श्वास घ्यावयास वर यावे कोठे? डॉल्फिन हा मासा नव्हे, आपल्यासारखाच हवेत श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. यंदा आपण होडीत बसतानाच सांगू या की, "दादा, लांबूनच दाखवा. नाही दिसले तरी भाडे तेवढेच देऊ." एवढे एक वाक्य शंभर पाट्यांचे काम करील.

भरती-ओहोटीचे गणित आपल्या आजीला येत होते, ते आपल्याला यावयास हवे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास पुढे-मागे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा खडक फारसे उघडे पडत नाहीत. म्हणून खळग्यांतले जीव पाहावयाचे तर तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ-नऊच्या सुमारास जावे. हा झाला आपला घरचा अंदाज. जागेजागेला वेळ थोडी बदलते, तेव्हा शेवटचा शब्द तिथल्या होडीवाल्याचा. पाणी चढू लागले असे त्याने सांगितले की "एकच फोटो" म्हणत मागे रेंगाळू नये. पावसाळ्यात तर किल्ल्याच्या होड्या बंदच असतात.

खडकांवरही पाहून पाय टाकावा. ज्याला आपण खडकाचा खरखरीतपणा समजतो ती जिवंत कालवे असतात. समुद्रफूल दिसले तर त्याला बोट लावून मिटवून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याचे फुलणे म्हणजे त्याचे जेवणे आहे. जेवत्या पाहुण्याला आपण ताटावरून उठवितो काय? एखादा दगड कुतूहलाने उलटला, तर तो होता तसा परत ठेवावा. त्याच्या खालच्या सावलीत कोणाचा तरी संसार असतो.

रात्री पुळणीवर फिरावयास जाण्याचा बेत कोणी केला असेल, तर तेथेही एक पथ्य आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या कित्येक पुळणींवर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवाची मादी अंडी घालावयास येते. रात्री अंधारात ती वर येते, वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजविते आणि परत समुद्रात जाते. विजेरीचा झोत अंगावर पडला तर ती अंडी न घालताच माघारी फिरते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले निघतात, आणि पाण्यावरचा उजेड पाहून समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावर दिवे असले तर ती वाट चुकतात. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला! एवढा प्रवास करून जी बाळंतपणाला आली, तिच्या तोंडावर आपण दिवा मारावा काय?

आणि पाहुण्यांमुळे नुसते नुकसानच होते असे समजू नका. मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे, नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे पूर्वी कासवाची अंडी लोक खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी काढून नेत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने श्री. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तेथे राखणीचे काम सुरू केले. गावातलीच माणसे पहाटे पुळणीवर फिरून घरटी शोधू लागली आणि अंडी कुंपणाच्या आत नीट पुरू लागली. पुढे पिले समुद्रात जाताना पाहावयास बाहेरची माणसे येऊ लागली. ती गावात घराघरांतून उतरतात, तिथल्या बायकांच्या हातचे जेवतात आणि त्याचे पैसे देतात. अंडी विकून जे मिळत होते त्याहून अंडी राखून अधिक मिळते, हे गावाने अनुभवले. दोराच्या अलीकडे उभे राहावे, पिलाला हात लावू नये, त्याच्या वाटेत पाऊल टाकू नये, एवढेच पाहुण्याने करावयाचे असते. म्हणून मी "जाऊ नका" असे म्हणत नाही. जा, पण असे जा की तुमच्या जाण्याने तिथल्या माणसाला त्या जिवांची किंमत अधिक वाटावी.

कार्यकारिणीत ही चर्चा निघाली तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "अहो, आपण चाळीस बायकांनी एकेक शंख आणला म्हणून समुद्र का आटणार आहे?" प्रश्न रास्त आहे. पण दिवाळीच्या सुटीत त्या धक्क्यावर होडीसाठी लागणारी रांग त्यांनी आठवावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाणाच्या साठ वाट्या मांडतो. पहिली बाई म्हणते, "माझ्या जावेसाठी एक जास्त घेते, काय होते?" दुसरीही तसेच म्हणते. शेवटी दारात उभ्या राहिलेल्या दहाजणींना रिकाम्या हाताने परत पाठविण्याची पाळी कोणावर येते? चिटणीसबाईंना विचारा! समुद्राच्या वाणाचेही असेच आहे. आणि त्याच्याकडे आणखी वाट्या मागविण्याची सोय नाही.

तेव्हा मंडळाच्या वतीने सहलीचे चार नियम मी सुचविते. पहिला, प्रत्येकीने स्टीलचा डबा व पाण्याची बाटली आणावी, आणि जेवढा कचरा नेऊ तेवढा मोजून परत आणावा. किल्ल्यातल्या देवळात वाहिलेल्या हाराची दोरी आणि नारळाची शेंडीसुद्धा तेथे फेकू नये. दुसरा, पाहावे डोळ्यांनी, हाताने नव्हे. तिसरा, होडीवाल्याला जवळ जाण्याचा आग्रह करू नये. आणि चौथा, शंख, शिंपला, पोवळ्याचा तुकडा यांतले काहीही आणू नये, आणि दुकानात मांडलेले दिसले तरी विकत घेऊ नये. खरेदी करावयाचीच तर कोकम घ्या, मालवणी मसाला घ्या, काजू घ्या, खाजा घ्या. तिथल्या बायकांच्या हाताला काम मिळेल आणि समुद्राचे काही जाणार नाही.

आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. आधी देणे, मग घेणे, अशी ती रीत आहे. आपण पर्यटक मात्र देण्याचे नाव न काढता घेऊनच येतो. यंदा आपल्याला देता काही आले नाही तरी निदान घेऊन येऊ नये.

माझ्या घरातल्या फळीवर त्या अकरांपैकी आठ शंख अजून आहेत. मी ते मुद्दाम ठेवले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ही हकीकत सांगावयास बरे पडतात. पण माझी नात आता अकरा वर्षांची झाली, आणि तिने परवा मला सांगितले, "आजी, आता ते परत ने. गोष्ट सगळ्यांना सांगून झाली." तेव्हा तेथल्या वनखात्याच्या माणसाला विचारून, त्याने हो म्हटले तर ते आठही शंख मी राणीच्या वेळेवर, जेथून उचलले तेथेच ठेवणार आहे. ज्यांच्या घरी असे काही असेल आणि कोठून आणले ते नक्की आठवत असेल, त्यांनी माझ्याजवळ यावे. आपण मिळून विचारू.

नावनोंदणीची वही चिटणीसबाईंकडे आहे. पाच जागा शिल्लक आहेत. एवढे सांगून मी आपली रजा घेते.